डोळे मिटून चालणारे दसारामभाऊ

दसारामभाऊ डोळे मिटून चालायचे. ते मैलकुली होते. तुमसर-मोहाडी रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा. उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ते सावलीतून सावलीत पाय टाकत जायचे. मी देखरेखीवर नवा आलो तेव्हा म्हणाले, "सायेब, डोरे कायले पाह्यजेत? पायाले गार लागलं का समजाचं, चिच आली. मोहफुलं चिकटली का मोहाडी जवर आली."

मग रुंदीकरण ठरलं. तोडायच्या झाडांवर नंबर टाकायचे होते. रंगाचा डबा मी दसारामभाऊंच्या हाती दिला. त्यांना वाटलं, नंबर पडला म्हणजे झाड सरकारी झालं. "आता कोन हात लावते यायले?" असं म्हणत, प्रत्येक ओल्या आकड्यावर फुंकर घालत ते पुढे सरकायचे. मी शेजारीच चालत होतो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी डबा खाली ठेवला असता आणि माझं काम अडलं असतं. मी पुढचं झाड दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते ओशाळून आले. "सायेब, एक चिच सुटली माह्याकून. तिले सायकल टेकवून शिदोरी खाल्ली, अन् तशीच रायली. टाकून येऊ काय नंबर?"

"राहू द्या."

"एकटीच बिननंबरची राहीन ना बिचारी."

"राहू द्या म्हटलं, दसारामभाऊ."

पंधरवड्यात रस्ता उघडा पडला. नंबर नव्हता म्हणून ठेकेदाराने तेवढी चिंच सोडली. दसारामभाऊ माझ्यासमोर डोळे मिटून थोडे चालले आणि थांबले. "कुठं आलो, समजूनच नाई राह्यलं." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "नंबर त मीच टाकले."

'तुम्हाला मी सांगितलं नव्हतं,' एवढंच बोलायचं होतं. ते वाक्य आजही माझ्या तोंडातच आहे.

गेल्या वर्षी ते गेले. लोक म्हणतात, दसारामनं हुशारीनं ती चिंच वाचवली. ते मात्र शेवटपर्यंत सांगत, "नाई जी, थे त चुकून रायली. बाकीच्याईवर बरोबर टाकले मी नंबर."

भंडाऱ्याला जाताना मी तिथे गाडी उभी करतो. बूट काढतो, डोळे मिटतो आणि तापल्या सिमेंटवरून चिंचेकडे चालू लागतो. पायाला गार लागेपर्यंत मी कुठे आहे, हे मलाही समजत नाही.