मामी आणि पेशीतला निरोप्या

आमच्या पातूरच्या मामीइतकी चौकस बाई अख्ख्या वऱ्हाडात दुसरी सापडायची नाही. पटल्याशिवाय ती साधी चहात साखर घालू देत नाही. एसटीने नेहमीचा रस्ता सोडला की ती थेट ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहते, “काहून बाप्पा, इकडून काहून?” माझ्या लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हणताच तिने मागून खणखणीत आवाजात विचारलं होतं, “कायच्यापासून, थे तं सांगा!” मांडव हसला. मामी हसली नाही, तिला खरंच उत्तर हवं होतं.

अशा या मामीला संधिवाताने गाठलं. मामांच्या मळ्यातल्या शेवंतीचे हार बोलता बोलता ओवणारी तिची बोटं सकाळी सुजून ताठ व्हायची. सुई धरवेना. ब्लाउजची हुकंही मामांना लावून द्यावी लागायची. आधीच्या औषधांनी भागलं नाही, तेव्हा मी तिला अमरावतीत राजापेठेत माझ्याकडे आणलं आणि जवळच्या तरुण डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळ्या तपासण्या करून नवी गोळी सुचवली.

“थे गोळी पोटात जाऊन करते काय, थे सांगा बापू. मंगच खाईन.”

बाहेर पेशंटांची रांग होती, पण डॉक्टर भला माणूस. त्याने कागदावर पेशी काढली. आपल्याच शरीराचे रक्षक चुकून सांध्यांवर उठतात. ‘सूज आणा’ असा निरोप पेशीच्या दाराशी येतो. आत एक निरोप्या तो पुढे नेतो. ही गोळी त्या निरोप्याला अडवते.

“म्हंजे भांडण लावणाऱ्याचं तोंड दाबते!” मामी खूश झाली. “पण त्यानं एखांदा कामाचा निरोप आणला तं?”

डॉक्टर म्हणाले, “तोही अडू शकतो. म्हणून अंगात ताप आला की लगेच सांगायचं आणि वेळोवेळी रक्त तपासायचं.”

पुढे हा निरोप्या पातूरभर झाला. दूधवाला, पिठाच्या गिरणीतल्या बाया, कुणी सुटलं नाही. हळूहळू बोटं वळू लागली. दसऱ्याला तर मामीने हारांचा ढीग घातला आणि ‘आता मी बरी झाली’ म्हणून गोळी परस्पर बंद करून टाकली. दिवाळी उलटेपर्यंत मनगटं पुन्हा फुगली. ती स्वतःच अमरावतीला आली आणि खाली मान घालून डॉक्टरांना म्हणाली, “बापू, निरोप पुना पोचून राहिले.” डॉक्टर रागावले, मग हसले. गोळी पुन्हा सुरू झाली. आता हात चांगले चालतात. दोन बोटं तेवढी वाकडी राहिली, ती राहिलीच.

परवा तपासणीला तिच्यासोबत गेले होते. शेजारी एक नवी नवरी बसली होती, हिरवा चुडा सुजलेल्या मनगटात रुतलेला. डोळे भरलेले. मला वाटलं, आता मामी पेशीपासून सुरू करणार. पण तिने काहीच विचारलं नाही, काही समजावलंही नाही. त्या पोरीचा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, “रड माय. मी बी मळ्यात जाऊन लय रडली.”

मी मामीकडे पाहत राहिले. मळ्यात तिला तेव्हा कुणीच पाहिलं नव्हतं.