गवरीच्या चिंबोऱ्या

गणपती जवळ आले होते. एका रविवारी मोठ्या दिरांनी आम्हाला खाली बोलावलं. शिरवणे गावात आमची घरची इमारत आहे. तळमजल्यावर मोठे दीर, जाऊबाई आणि सासूबाई राहतात, पहिल्या मजल्यावर मी आणि माझा नवरा, आणि त्याच्यावर भाडेकरू. गणपती खाली बसतो, गवरही खालीच बसते, त्यामुळे सणाचं जे काही ठरायचं ते खालीच ठरतं. मला वाटलं मखराचं काहीतरी बोलायचं असेल.

दीर म्हणाले, "या वर्षीपासून गवरीला पुरणाचा नैवेद्य. मच्छी बंद."

आमचं घर आगरी. आमच्याकडे गौरीला गवर म्हणतात. ती येते त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचं ताट असतं. भरल्या चिंबोऱ्या, कोलंबी घातलेलं शिराळं म्हणजे दोडका, जिताड्याचं कालवण, एखादी तळलेली तुकडी आणि तांदळाच्या भाकऱ्या. ताट पुढे ठेवण्याआधी गणपतीसमोर पडदा ओढायचा, कारण त्याला हे चालत नाही. तिचं जेवण झालं की पडदा बाजूला. दोन्ही देव एकाच खोलीत असतात आणि दोघांचाही मान राहतो. सासूबाईंच्या सासूच्या आधीपासून हे असंच चालत आलं आहे.

दिरांनी वर्षभरापूर्वी गळ्यात तुळशीची माळ घातली होती. त्याआधी ते फार प्यायचे. एमआयडीसीतून सुटले की घरी कधी आणि कसे पोचतील याचा नेम नसायचा. माळ आली आणि दारू गेली, मांसमच्छी गेली, आवाज खाली आला. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा झोप झाल्यासारखं दिसायला लागलं. त्यामुळे त्यांना दुखवायचं नाही, हे घरात कुणी न सांगताच ठरून गेलं होतं. मीही ते पाळत होते.

"लोक हसतात आपल्याला," दीर म्हणाले. "देवीपुढे खेकडे ठेवणारे. शिकलो सवरलो, आता अजून किती मागासलेलं राहायचं?"

जाऊबाई खाली बघत म्हणाल्या, "पुरणाचं काय टेन्शन नाही. ही साताऱ्याची. तिच्या हाताला पुरण येतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ते बरोबरच होतं. मी खरंच साताऱ्याकडची. आमच्या माहेरी गौरी मुखवट्याच्या, साडी नेसवून उभ्या केलेल्या, आणि त्यांना पुरणपोळी आणि सोळा भाज्या. मासा म्हणजे नदीचा मरळ, तोही परसातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. या घरात पुरणाच्या बाजूनं कुणी उभं राहायचं असेल तर ते मीच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"पुरण मी करणार नाही," मी म्हणाले.

दिरांना वाटलं, मी कामाचं म्हणतेय. "एकटीनं नको करू. बाहेरून पोळ्या मागवू."

"कामाचं नाही, भाऊजी. आपल्या गवरीला पुरण मी दाखवणार नाही. तिला मासे लागतात."

माझा नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी भलत्याच घरात शिरले आहे. सासूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वर आल्यावर नवरा म्हणाला, "कशाला विषय वाढवतेस? एक वर्ष पुरण करू. दादा निवळेल."

"एक वर्ष केलं की पुढच्या वर्षी तेच आपल्या घरचं म्हणून सांगतील," मी म्हणाले. "मग मासे कोणी करायला घेतले तर तो नवा उद्योग ठरेल."

तो कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो. दिवसभर ड्रायव्हर आणि व्यापारी यांची भांडणं सोडवून येतो, त्यामुळे घरात भांडण नको असतं. मी त्याला दोष देत नाही. पण माझं कारण त्याला माहीत होतं आणि तरी तो असं बोलला, याचा मला राग आला.

आम्ही लग्न ठरवून केलं नव्हतं. माझ्या वडलांना हे पटलं नाही. वेगळी जात, वेगळी बोली, मासे खाणारं घर. त्यांनी मला यायचं नाही म्हणून सांगितलं आणि पुढची काही वर्षं मी गेले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गवरीला मी या घरात अगदी नवीन होते. शेजारच्या घरांत मुली माहेरी आल्या होत्या, बांगड्यांचे आवाज येत होते, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून देवीपुढच्या ताटातल्या लाल नांग्यांकडे बघत होते. मला ते बघवत नव्हतं. देवीला असं काही ठेवतात हेच पटत नव्हतं.

सासूबाईंनी मला हाक मारली. "ये गो पोरी, बस. गवर माहेराला आयलीय. माहेराला आल्यावर पोरीनं तिचे आवडीचा जेवू नये काय?" त्यांनी दुसरं ताट वाढलं. देवीच्या ताटात होतं ते सगळं त्यात होतं. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुजा पन माहेर हाच हाय."

मला चिंबोरी फोडता येत नव्हती. त्यांनी नांगी दाताखाली धरून फोडली, आतलं मांस काढलं आणि माझ्या भाकरीवर ठेवलं. मी रडत रडत ते खाल्लं. ती चव तेव्हा मला आवडली की नाही, सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून ते ताट माझं झालं. कुणी त्याला मागासलेलं म्हणतं तेव्हा मला वाटतं, ते माझ्या तोंडातला घास काढून घेताहेत.

दुसऱ्या दिवशी दीर कामावर गेले तशी मी खाली गेले. सासूबाई एकट्याच होत्या.

"आई, काल तुम्ही काही बोलला नाहीत."

त्या म्हणाल्या, "तो प्याचा तवा मी गवरीलाच सांगलेला, याची दारू सोडव. तिनी सोडवली. आता त्याचे गल्यानची माल मी कशी तोडू?"

"माळ तोडायचं कोण म्हणतंय? पण तिच्या जेवणाचं काय?"

"तिचा जेवान तिला द्याला पायजे," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्यांचे डोळे भरले होते.

लहानपणी त्या आईबरोबर खाडीत उतरायच्या. चिखलात हात घालून चिंबोरी काढायच्या, भरती कधी येणार हे पायाला कळायचं. त्यांची शेतं आणि मिठागरं शहरासाठी गेली. भाषाही आता घरात त्यांच्याशिवाय कुणी बोलत नाही, आम्ही बोलायला गेलो तर सणाला येणारी नणंदांची मुलं हसतात. उरलं काय, तर वर्षातून एकदा ते ताट. मी मनाशी म्हटलं, हे जाऊ द्यायचं नाही.

त्या संध्याकाळी मी दिरांना गाठलं. त्यांच्या दारातच उभी राहिले.

"भाऊजी, तुमच्या घरात मच्छी शिजणार नाही. तुमचा शब्द आम्ही पाळतो. पण मग यंदा गवर वर बसेल, आमच्याकडे."

"गणपती खाली आणि गवर वर?"

"हो. मधे आपण पडदाच ओढत होतो ना. आता एक मजला."

"घर फोडायला निघालीस तू."

"मी तुमच्या स्वयंपाकघरात बदल मागितला नाही. तुम्ही तिच्या ताटात मागितलात."

त्यांचा चेहरा लाल झाला. पूर्वीचे दिवस असते तर आवाज चढला असता. त्यांनी माळेवर हात ठेवला. "मी वर पाय ठेवणार नाही," ते म्हणाले.

"तुमची मर्जी. बोलावणं आहे."

मोठ्या दिराशी असं बोलणं आमच्या माहेरीही कुणी केलं नव्हतं. पण वर पोचल्यावर मी भांडी काढायला घेतली.

गवरीच्या पूजेच्या दिवशी सकाळी मी आणि सासूबाई रिक्षानं दिवाळे गावच्या मच्छीबाजारात गेलो. त्यांना गुडघ्यानं चालवत नाही, पण चिंबोऱ्या दुसऱ्यानं निवडलेल्या त्यांना चालत नाहीत. बाजारात बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. सासूबाई एका ओळखीच्या कोळणीपुढे बसकण मारून बसल्या आणि एकेक चिंबोरी उलटी करून पोटाकडे अंगठ्यानं दाबू लागल्या. दबली की बाजूला. अमावस्या होऊन आठवडा गेला होता. चांदण्यात चिंबोऱ्या पोकळ होत जातात, म्हणून त्यांना धाकधूक होती.

"यंदा लय बघून घेताव," कोळीण म्हणाली. "पावने हायत का?"

"गवर पयल्यांदा सुनेचे घरा बसलीय," सासूबाई म्हणाल्या. त्या आवाजात मला जे ऐकू आलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हे चारचौघींत सांगितलं, आणि अगदी छाती पुढे काढून. कोळणीनं पाटीखाली झाकलेल्या, नांग्या बांधलेल्या मोठ्या चिंबोऱ्या काढून दिल्या. जिताडा मात्र मनासारखा मिळेना. सासूबाई तीन पाट्या फिरल्या, कल्ले उघडून पाहिले, नाक मुरडलं. शेवटी एक मध्यम मिळाला.

गवर आदल्या दिवशीच आली होती. गावातल्या बायका तेरड्याच्या जुड्या घेऊन वाजतगाजत आल्या, आणि दरवर्षीच्या सवयीनं खालच्या दाराकडे वळल्या. मी पुढे होऊन म्हटलं, "वर." त्या थबकल्या. एकीनं दुसरीकडे पाहिलं. खालचं दार उघडंच होतं, आणि आत दीर गणपतीसमोर, दाराकडे पाठ करून बसले होते. तेवढ्यात जाऊबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात तांदळाच्या पिठाची वाटी होती. त्या खाली वाकल्या आणि पहिल्या पायरीवर गवरीचं पाऊल उठवलं. मग दुसऱ्या पायरीवर. कुणाकडेही न बघता त्या वरपर्यंत पावलं काढत गेल्या आणि बायका त्यांच्या मागून.

त्या दिवशी आमचं काही बोलणं झालं नाही. पण पूजेच्या दिवशी बाजारातून आम्ही परत आलो तर त्या माझ्या ओट्याशी नारळ खोवत उभ्या होत्या.

"ताई, भाऊजींना काय सांगून आलात?"

"काय सांगायचं? माळ त्यांनी घातलीय. मी नाही घातली." त्या खोवत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वर्ष झालं. आमच्याकडे साधी सुकट भाजली नाही. त्यांच्यासाठी सोडलं, त्यात वाईट नाही वाटलं. पण त्या दिवशी पुरणाचं मी बोलले, तेव्हा आई एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवल्या पण नाहीत. मला ते लागलं."

मग आम्ही तिघींनी मिळून ते ताट केलं. चिंबोऱ्या सासूबाईंनी साफ केल्या, त्यात कुणाला हात लावू दिला नाही. बेसनात मसाला आणि खोबरं कालवून चिंबोऱ्यांचे पेंदे भरले, दोऱ्यानं बांधले. बारीक नांग्या वाटून त्यांचं पाणी रश्श्यात घातलं. भाकऱ्या जाऊबाईंनी थापल्या, त्यांच्यासारखी पातळ भाकरी मला अजून जमत नाही. शिराळं माझ्याकडे होतं. खिडक्या मी मुद्दाम उघड्या ठेवल्या. वास जिन्यातून खाली जात होता आणि वर भाडेकरूंकडेही जात होता. जाऊ दे म्हटलं. बेसनाच्या लाडूंचा वास कधी कुणी दार लावून कोंडला नाही.

ताट ठेवताना सासूबाई सवयीनं पडद्याची दोरी शोधायला वळल्या. तिथे भिंत होती. त्या हसल्या आणि ताट पुढे सरकवलं. "जेव बाय," त्या म्हणाल्या, "सावकाश जेव."

नणंदा जेवल्या, गावातल्या माहेरवाशिणी जेवल्या, माझा नवरा दोनदा कालवण मागून जेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "बरं केलंस." मी त्याला आणखी एक चिंबोरी वाढली. पंगत उठेपर्यंत माझं लक्ष दाराकडे होतं, हे खोटं का सांगू. दीर आले नाहीत.

संध्याकाळी आरतीला मात्र आले. ताटं उचलून, लादी पुसून झाली होती. ते उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले, मग आत आले. आरती त्यांनीच उचलली, त्यांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर होता. प्रसादाची साखर घेतली. माझ्याशी बोलले नाहीत. जाताना सासूबाईंना विचारलं, "जेवलीस का नीट?"

"पोटभर," त्या म्हणाल्या.

विसर्जनाला तलावाच्या उतारावर चिखल होता. सासूबाईंना उतरता येईना, तेव्हा दिरांनी त्यांच्या हातातून गवर घेतली आणि पाण्यात तेच उतरले. वर आल्यावर पाय धूत असताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा झालं ते झालं."

"पुढच्या वर्षीही वरच बसेल ती, भाऊजी. आणि तेच जेवेल."

त्यांनी पंच्यानं पाय पुसले.

वर्ष होत आलं, गणपती पुन्हा जवळ आलेत. त्यांना ते अजून पटलेलं नाही आणि मला त्यांना पटवायचंही नाही. त्यांची माळ खरी आहे, माझं ताटही खरं आहे. कोपरखैरण्याची एक ओळखीची बाई परवा मला म्हणाली, "तुम्ही साताऱ्याच्या ना, मग तुम्ही हे कसं काय करता?" मी तिला जेवायला बोलावलं आहे. सासूबाईंचे गुडघे यंदा जास्तच धरलेत, त्यामुळे दिवाळ्याला जाऊबाई आणि मी जाणार आहोत. चिंबोऱ्या जाऊबाईंनी कोळणीला आधीच सांगून ठेवल्यात, मोठ्या आणि भरलेल्या, गवरीच्या म्हणून.