सरजाबाईचं लिव्हर

जळकोटकडच्या त्या गावात सरजाबाई बोलायला उभी राहिली की माईक लागत नसे. काय आवाज होता! बुद्धविहाराच्या पायरीवरून बोलली तरी पार वेशीपर्यंत ऐकू जाई. गावातलं देशी दारूचं दुकान हटवायला तिनं बायकांचं मतदान मंजूर करून आणलं. उभ्या बाटलीला मत म्हणजे दुकान राहू द्या, आडवीला मत म्हणजे बंद करा. त्यासाठी वर्षभर ती दारोदार फिरली.

मतदानाला आठ दिवस उरले आणि लातूरच्या डॉक्टर समीक्षांनी तिची तपासणी करून सांगितलं, लिव्हरमध्ये चरबी साठलीय, सूज आहे, आतून व्रण धरू लागलेत.

बातमी तिच्याआधी गावात पोचली. दुकानवाल्या भागवतनं ती पारावर रंगवून सांगितली. लिव्हर कुणाचं जातं? पिणाऱ्याचं. बाई गावात बाटली आडवी करते अन् घरात उभी. लोक हसले. बायका दारं लोटून घेऊ लागल्या. शेजारच्या सिंधुनंही नजर चुकवली, ते मात्र तिला लागलं. लेक म्हणाला, दुखणं झाकून ठेव. सरजाबाई रिपोर्ट घेऊन थेट ग्रामसभेत गेली.

भागवतनं बसल्या जागेवरून विचारलं, "सरजाक्का, रोज किती लागती?"

"वीस कप," ती म्हणाली. "चहा."

हशा पिकला. तिनं तो पिकू दिला, ओसरू दिला. मग सांगितलं, की तिच्या आईला याच गावात चहा मिळायचा तो दाराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात. हिला आता घरातल्या कपबशीत मिळतो. मान म्हणून साखर जास्तीची. तो परत कसा करायचा? वर्षभर तिनं एकही कप नाकारला नाही.

"साखरेची चरबी झाली. लिव्हरची एकेक पेशी कणगीवानी ठासून भरली. फुटायला आली की ती पेशीच बोंब ठोकती. रक्तातले शिपाई धावत येतेत. चोर तर कुणी न्हाई, मग घरातच लाठी चालवतेत. ती सूज. त्या बोंबेनं आतले गवंडी बी जागे होतेत, दिसंल तिथं गिलावा थापतेत. ते व्रण. मऊ लिव्हर दगड व्हतंय. दारूनं बी असंच व्हतंय, माझं बिनदारूचं झालं. मला दुखणं हाय, लाज न्हाई."

भागवत म्हणाला, मग आधी चहाची हॉटेलं बंद करा.

तेव्हा मागून सिंधु उठली. तिचा नवरा गेल्या साली पोटात पाणी होऊन गेला होता.

"माझा माणूस तुझ्या दुकानात प्यायचा," ती म्हणाली. "तो गेला तवा तू हसला न्हाईस. आज का हसलास?"

भागवत टोपी सावरत उठला आणि सभेतून बाहेर पडला. कुणी त्याला थांबवलं नाही.

निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. दुकानाला सील लागलं त्या सकाळी बघायला सगळा गाव लोटला. सरजाबाई तिथं नव्हती. ती लातूरच्या एसटीत होती, तपासणीसाठी. आणि सिंधु धरून गावातल्या चार बायका तिच्याबरोबर स्वतःचं लिव्हर दाखवायला निघाल्या होत्या.