डॉक्टर एलिसेर यांचा गोल शिक्का

आमच्या पिएद्रालार्गा गावात वकिलाला डॉक्टर म्हणतात. औषध देणाऱ्यालाही डॉक्टरच म्हणतात, पण जरा कमी आदराने. तो बरं करतो आणि विसरला जातो. वकील मात्र माणसाला आयुष्यभर पुरतो.

आमचे वकील एलिसेर ओलार्ते. चर्चसमोर, न्हाव्याच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची कचेरी. दारावर पाटी आहे, ‘परदेशात कंपनी स्थापन करून मिळेल’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘मृत्युपत्रे, शेताच्या हद्दी’. डॉक्टर स्वतः परदेशात कधी गेलेले नाहीत. बुकारामांगा शहरात जातात तेही बसमध्ये मळमळतं म्हणून लिंबू हुंगत. पण फ्लोरिडात कंपनी काढायची तर कुठल्या रकान्यात काय भरायचं, हे त्यांना आमच्या घाटातल्या वळणांसारखं पाठ आहे. आमच्या खोगीर शिवणाऱ्याची फ्लोरिडात कंपनी आहे. मधवाल्याची आहे. घायपाताच्या दोराच्या चपला विणणाऱ्या दोघी बहिणींची आहे. फ्लोरिडा कुठे आहे म्हणून विचारलंत तर चौघं चार दिशांना बोट दाखवतील, आणि चौघांची कागदपत्रं बिनचूक निघतील.

वकील होण्याआधी डॉक्टर तीस वर्षं नोटरीच्या कचेरीत कारकून होते. आमच्याकडच्या नोटरीकडे कागद उघडा आत जातो आणि नटून बाहेर येतो. प्रत्येक पानाच्या समासात सही, सहीखाली वेलांटी, ‘मुळाबरहुकूम’ असा चौकोनी शिक्का, तारखेचा लांबट शिक्का, आणि शेवटी रेशमी फितीवर गरम लाख. तीस वर्षं हेच केल्यावर हात ऐकत नाही. नोकरी सोडली तेव्हा डॉक्टरांनी स्वतःसाठी पितळेचा गोल शिक्का घडवून घेतला. मध्ये आमच्या चर्चचा घंटेचा मनोरा आणि भोवती त्यांचं अख्खं नाव, आईचं आडनावसुद्धा. या शिक्क्याला सरकारदरबारी काही किंमत नव्हती. गावात मात्र होती. एकदा त्यांनी तो न्हाव्याच्या दरपत्रकावर उठवला, तेव्हापासून दाढीच्या दरावर कुणी घासाघीस केली नाही.

आता सातुरियाची गोष्ट. दोन्या, म्हणजे बाईसाहेब, सातुरिया आर्दिला पेरूच्या वड्या करते. तांब्याच्या कढईत पेरूचा गर आटतो तेव्हा अख्ख्या उतरणीला वास लागतो आणि खेचरंसुद्धा पाय ओढत चालतात. त्या वडीला गुंडाळायला बिहाओचं पान लागतं, आणि ते पान मी पिकवतो. कापायचं, उकळायचं, मग गवतावर उन्हात पसरायचं, इतकं की सकाळी हिरवा असलेला डोंगर दुपारी सोन्याचा दिसावा. स्वतःची स्तुती करत नाही, पण माझ्या पानात गुंडाळलेली वडी सहा महिने मऊ राहते.

अकरा वर्षं सातुरियाच्या वड्या एक व्यापारी उचलत होता. तो त्या आपल्या डब्यात भरून फ्लोरिडातल्या मायामीला पाठवायचा. डब्यावर त्याचं नाव आणि एका सोनेरी केसांच्या मुलीचं चित्र. सातुरिया म्हणायची, “या पोरीने जन्मात पेरू पाहिला नसेल. आणि माझ्या वड्यांवर बसून हसते.”

तिला दुसरं काही नको होतं. डब्यावर तिचं नाव हवं होतं. मायामीच्या दुकानदाराने निरोप धाडला होता: “एक ऑक्टोबरच्या आत इथे तुमची कंपनी आणि बँकेत कंपनीचं खातं तयार ठेवा. नाताळचे डबे तुमच्या नावाने घेतो. नाहीतर आहे तो व्यापारी बरा.”

डॉक्टर कामाला लागले. एका बोटाने संगणक बडवत त्यांनी अर्ज भरला, तिथे कंपनीचं टपाल घ्यायला माणूस नेमला, करखात्याचा क्रमांक मागवला. तो क्रमांक यायला सात आठवडे लागले, पण कंपनी तर तिसऱ्याच दिवशी झाली. कागद संगणकावर आला, डॉक्टरांनी छापला आणि सातुरियाच्या हातात दिला. मी तिच्याकडे पानांची मोळी पोचवायला आलो होतो, तिने मला साक्षीला म्हणून वर ओढून नेलं होतं.

तिने कागद उलटून पाहिला. पाठ कोरी.

“हे काय?”

“तुमची कंपनी, दोन्या सातुरिया.”

“बाकीची कुठाय?”

“एवढीच असते. एक पान.”

“माझ्या डुकराच्या लशीच्या कागदावर याहून जास्त शिक्के आहेत, डॉक्टर.”

“तिकडची रीत तशीच आहे.”

“एवढी श्रीमंत माणसं आणि शाईला महाग? आव्हेलिनो, तुम्ही सांगा, हा कागद म्हणायचा का?”

मी म्हटलं, “मासे बांधायला बरा आहे.”

डॉक्टर लाल झाले. खरं सांगायचं तर त्या कागदावर त्यांचाही विश्वास नव्हता. सातुरिया दाराकडे वळली आणि बुकारामांगाच्या कुणा वकिलाचं नाव काढू लागली, तेव्हा डॉक्टरांनी खण उघडला. मग मी जे पाहिलं ते मिस्सा सांगणाऱ्या पाद्र्यालाही जमणार नाही. समासात सही, वेलांटी तीन वळणांची. चौकोनी शिक्का. लांबट शिक्का. फीत. मेणबत्तीवर लाख पातळ झाली, टपटप पडली, आणि तिच्यावर त्यांनी डोळे मिटून गोल शिक्का दाबला.

“हा!” सातुरिया म्हणाली. “आता झाली कंपनी.”

रविवारी बाजारात तिने तो कागद काचेत घालून मिरवला. आणि सप्टेंबर संपत आला तेव्हा मायामीच्या बँकेने कंपनीच्या कागदाची प्रत मागितली. तिने अर्थातच चांगली प्रत पाठवली. फितीची.

अठ्ठावीस तारखेला बँकेतून डॉक्टरांना फोन आला, तेव्हा मी माडीवरच बसलो होतो. बाई मूळची क्युबाची, नाव मार्गोत. आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना अहो-जाहो करतात, आणि ही पहिल्याच वाक्याला म्हणाली, “माझ्या राजा, हा कागद कुणी सजवलाय?”

डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. “बाई, मी एलिसेर ओलार्ते—”

“तेच नाव आहे रे त्या मनोऱ्याभोवती. सोन्या, आमच्या सरकारच्या कागदावर कुणी काही चिकटवलं की आम्ही त्याला फेरफार म्हणतो. फाइल थांबवलीय मी.”

“मी दुसरी, साधी प्रत पाठवतो.”

“ती तर पाठवच. पण आता वरच्यांना खुलासा लागेल. हे शिक्के कुणाचे, कशासाठी आणि त्यांना काय अर्थ आहे. परवापर्यंत, तुझ्या सहीने, साध्या कागदावर. आणि राजा, त्याच्यावर काही चिकटवू नकोस हं!”

निरोप मिळताच सातुरिया आली, कमरेचं फडकं तसंच, हाताला पेरूचा गर. ओरडेल असं मला वाटलं होतं. ती नुसती बसली आणि म्हणाली, “ती सोनेरी पोरगी आणखी एक वर्ष हसणार.”

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात रोमन कायदा आला होता. सातुरियाने तो माझ्याकडे दिला. मी त्याने वारा घेतला. दुसरा मसुदा सहा ओळींचा झाला आणि पाचव्या ओळीवर अडला. डॉक्टरांनी वाचून दाखवलं, “‘सदर शिक्के मी पक्षकाराच्या समाधानासाठी उठवले असून त्यांना कायद्याने विशेष अर्थ नाही.’”

“‘विशेष’ काढा,” सातुरिया म्हणाली.

“दोन्या सातुरिया, तीस वर्षं—”

“काढा. माझं नाव त्या ‘विशेष’ला अडकलंय.”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर, मनोऱ्याकडे पाहिलं. खाली न्हावी कुणाची तरी दाढी करत होता, वस्तऱ्याचा आवाज वर येत होता. मग त्यांनी पट्टी लावून रेघ ओढली आणि ‘विशेष’ खोडला. स्वच्छ प्रत काढली. सही केली, वेलांटीशिवाय. ती सही मी पहिल्यांदाच पाहिली. शाळेतल्या पोराची वाटावी तशी.

पण हात तो हात. सही वाळायच्या आत तो खणाकडे निघाला. सातुरियाने त्याच्या आधी खण गाठला, गोल शिक्का उचलला आणि फडक्याच्या खिशात टाकला.

“तुमच्याच भल्यासाठी,” ती म्हणाली.

तीस तारखेला दुपारी खातं उघडलं. मार्गोतने स्वतः कळवलं आणि डॉक्टरांना पुन्हा राजा म्हणाली. या खेपेला ते उभे राहिले नाहीत. मात्र टायची गाठ सारखी केली.

शिक्का काही परत आला नाही. डॉक्टर दर रविवारी विचारायचे आणि सातुरिया म्हणायची, “कढईमागे कुठेतरी पडलाय, शोधते.” त्या काळात डॉक्टर सुकले. हद्दीच्या कागदांवर नुसता चौकोनी शिक्का पाहून लोकही कुरकुरत, आणि न्हाव्याकडे तर घासाघीस पुन्हा सुरू झाली.

नोव्हेंबरात छापखान्यातून डबे आले. पहिला डबा सातुरियाने माडीवर आणून टेबलावर ठेवला. मी पाठोपाठ होतोच, डब्यात पानं माझी होती. वर ठसठशीत अक्षरात ‘सातुरिया आर्दिला’. मुलगी नाही, केस नाहीत. नावाखाली, लाखेच्या रंगात, घंटेचा मनोरा आणि भोवती गोल फिरणारं नाव, आईच्या आडनावासकट.

डॉक्टरांनी मनोऱ्यावर बोट ठेवलं.

“मला न विचारता?”

“कायद्याने त्याला काही अर्थ नाही,” सातुरियाने पितळी शिक्का खिशातून काढून डब्याशेजारी ठेवला. “तुम्हीच लिहून दिलंय, डॉक्टर. सहीसकट.”

डॉक्टरांनी चष्मा लावला. डबा खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला, मनोरा खऱ्या मनोऱ्याशी ताडून पाहिला.

“किंचित डावीकडे कललाय,” ते म्हणाले, आणि डब्यातल्या एका वडीचं पान सोडवून ती तोंडात टाकली.