सासूबाईंच्या शेवंतीतलं लायटिंग

सौरदिवे दिवसा उन्हात ठेवावे लागतात, हे मला माहीत होतं.

मंचरला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तेव्हा एवढं माहीत असणं अपेक्षितच आहे. सौरदिवा घेऊन निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पायरीवरून ओरडून सांगतो, "दिवसभर उन्हात ठेवा बरं का!" (एकाला सांगायचं राहिलं होतं. त्याने तो दिवा परत आणून माझ्याच कपाळासमोर धरला होता.) तरीही जे घडलं ते घडलं.

त्याचं असं झालं. अवसरी खुर्दला माझी सासुरवाडी. सासूबाईंच्या रानाला लागून एक मोकळं माळरान आहे. तिथे पुण्याच्या काही तरुण मंडळींनी गाण्याचा महोत्सव ठरवला. पलीकडे आंब्यांखाली स्टेज, अलीकडे मुक्कामाला तंबू. त्यांची पुढारी ईरा नावाची चुणचुणीत मुलगी. ती दुकानात येऊन म्हणाली, "काका, तंबूंच्या भागात जनरेटर नकोय. सोलर हवं. आणि उजेड कसा, अगदी हळुवार हवा."

हळुवार उजेड हा प्रकार माझ्या दुकानात नव्हता. पण मी म्हणालो, "हळुवार काय, तुम्ही म्हणाल तसा लावून देतो!"

यात माझा स्वतःचा एक डाव होता. मेव्हण्याच्या मुलीचं, पूजाचं, लग्न ठरलं होतं. आमच्याकडे हल्ली लग्नं संध्याकाळची लागतात, कारण केलेलं लायटिंग पाहुण्यांना दिसलं पाहिजे ना! मंडपाच्या लाईटचं काम घरच्या जावयाला मिळावं, अशी माझी साधी इच्छा होती. पण सासूबाईंचा माझ्या हातावर भरवसा नव्हता. (दिवाळीत मी त्यांच्या ओट्यावर लावलेली माळ पाहुणे आले की विझायची आणि गेले की पेटायची.)

सासूबाई म्हणाल्या, "पावणं, आदी त्या पोरांच्यात लावून दावा. मग मांडवाचं बगू."

त्यांचा स्वतःचा सगळा जीव त्या वेळी शेवंतीत अडकला होता. नातीच्या लग्नाला हार, तोरणं, मुंडावळ्या सगळं घरच्या शेवंतीचं, असं त्यांनी भावकीत सांगून टाकलं होतं. आता शेवंतीचं असं असतं, की रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. लवकर कळ्या नको असतील, तर वाफ्यांवर तारा ओढून रात्री बल्ब लावतात. झाडाला वाटतं अजून दिवसच आहे, आणि ते मुकाट्याने वाढत राहतं. सासूबाईंनी लग्नाच्या तारखेवरून उलटा हिशोब करून बल्ब लावले होते. त्या बल्बांना हात लावायची परवानगी घरात कोणालाही नव्हती, मला तर नव्हतीच.

महोत्सवाच्या दिवशी मी टेम्पो भरून सौरदिवे घेऊन सकाळीच पोचलो. नवे कोरे, चकचकीत दिवे. माळावर धूळ उडत होती, पोरांची पळापळ चालली होती. म्हटलं, आत्ता लावले तर धूळ बसेल, कोणी तुडवील, एखादा खिशात घालून नेईल. म्हणून दिवसभर ते खोक्यांत, खोकी टेम्पोत, आणि टेम्पोवर जाड ताडपत्री!

दुपारी बायकोने, सुरेखाने, विचारलं, "अहो, दिवे कुठायत?"

"सुरक्षित आहेत."

"उन्हात?"

"सावलीत!" मी अभिमानाने म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

सूर्य बुडता बुडता मी सगळे दिवे तंबूंमधून रोवले. कारखान्यातून येताना त्यांच्या पोटात थोडीफार वीज असावी, कारण सगळे एकदम पेटले. ईराने टाळ्या वाजवल्या. मी सुरेखाकडे बघून मान ताठ केली. मंडळी गाणं ऐकायला स्टेजकडे गेली आणि पहिलं गाणं संपायच्या आत एकेक दिवा आचके देत विझला. माळावर काळाकुट्ट अंधार झाला.

"खोक्यात ऊन येतं का हो?" सुरेखाने शांतपणे विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माळावर तेवढाच.

आता अंधार म्हटला तर आम्हाला सवयीचा. पण एका बाजूला ऊस आणि उसात बिबट्या, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पुण्याची शंभरेक पोरं या अंधारात कशी झोपणार? मी दुकानातून वायर आणायला टेम्पोकडे धावलो, तर टेम्पोचा ड्रायव्हर किल्ली खिशात घालून गाणं ऐकायला गेलेला. त्याला गर्दीत शोधेपर्यंत कार्यक्रम संपलासुद्धा!

मंडळी परत निघाली. समोर तंबूंचा पत्ता नाही. पण लांब बांधापलीकडे रांगेने लावलेले बल्ब, खाली हिरवेगार वाफे आणि त्यावर पसरलेला पिवळा उजेड. कोणीतरी ओरडलं, "ए, ते बघा आपलं लायटिंग!" आणि अख्खा जथा सासूबाईंच्या शेवंतीत शिरला.

मी पळत गेलो. ईराने मला मध्येच गाठलं.

"काका, काय केलंय तुम्ही हे! असं लायटिंग मी आयुष्यात पाहिलं नाही!"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण आजवर माझ्या लायटिंगबद्दल कोणी असं बोललं नव्हतं हो! मी म्हणालो, "जमेल तसं केलंय."

(सुरेखाने मला जोरात चिमटा काढला. त्याचा वळ चार दिवस होता.)

तोवर एकाने तंबू उपटून आणला होता आणि तो दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत उभा करत होता. दोघी फोटोसाठी बल्बांखाली गिरक्या घेत होत्या. एकजण गिटार घेऊन चक्क ठिबकच्या नळीवर बसला होता. मी प्रत्येकाजवळ जाऊन "जरा जपून, जरा जपून" म्हणत होतो आणि जो तो मला सांगत होता, "काका, सुपर!"

एवढ्यात ईरा म्हणाली, "काका, मंडळींना झोपायचंय. अर्धे दिवे बंद करता येतील का?"

दिवे बंद केले, तर शेवंतीला वाटणार रात्र झाली. ती कळ्या धरणार, लग्नाआधीच फुलणार आणि मुंडावळ्या बाजारातून आणाव्या लागणार. दिवे चालू ठेवले, तर पोरं शेवंती तुडवणार. दोन्हीकडून माझंच मरण!

"कोन हाय रं तिकडं?"

बांधावर सासूबाई उभ्या होत्या. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. गिटार बंद पडली.

"पावणं? ह्ये कुनाचं वऱ्हाड घुसवलंय माज्या शेवंतीत?"

मी तोंड उघडायच्या आत ईरा पुढे झाली. "आजी, काकांनी किती सुंदर लायटिंग केलंय ना!"

सासूबाईंनी बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारला. मग पलीकडच्या अंधाऱ्या माळाकडे वळवला. मग परत माझ्या तोंडावर. सगळं त्यांना कळलं. मी मान खाली घातली.

"व्हय," त्या सावकाश म्हणाल्या. "पावण्यांनीच केलंय. मंचरला दुकान हाय त्यांचं."

बस्स, एवढंच. भर पोरांसमोर त्यांनी माझी लाज राखली. मी तसाच वाकून त्यांच्या पाया पडायला निघालो.

"पाया मागनं पडा," त्या पुटपुटल्या, "आदी वाफ्यातनं बाजूला व्हा."

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. "पोरांनू, झाडाला अजून दिवसच हाय असं वाटाय पायजे. म्हनून लाईट बंद व्हनार न्हाई. आन रोपावर पाय पडला तर माजी काठी हाय. समदे तंबू बांधाच्या पल्याड लावा, अगदी चिकटून. उजेड काय बांध बगून थांबतोय व्हय?"

पोरांनी तंबू हलवले. शेवंतीचा उजेड बांध ओलांडून तंबूंवर पडत होता, आणि तो खरोखर हळुवार होता! जाताना प्रत्येकजण पाय बघून टाकत होता. वाकलेली रोपं ईराने स्वतः सरळ केली, सासूबाईंनी त्यांना मातीचा आधार दिला. मग त्या बांधावर घोंगडी अंथरून बसल्या आणि म्हणाल्या, "आता म्हना कायतरी. पन हळू. शेवंती जागीच हाय." गिटारवाल्याने हलक्या आवाजात काहीतरी सुरू केलं. मी त्यांच्या मागे बसून होतो. आयुष्यात अशी सासू मिळाली, याबद्दल मी त्या रात्री देवाचे मनापासून आभार मानले.

शेवंती वेळेवर फुलली, अगदी ठरलेल्या दिवशी. महोत्सवाची पोरंही लग्नाला आली आणि हार बघून हरखली. सासूबाईंनी ती गोष्ट ना मेव्हण्याला सांगितली, ना भावकीत.

आणि शब्दाला त्या पक्क्या. मंडपाच्या लाईटचं काम त्यांनी मलाच दिलं.

फक्त लग्न तेवढं भर दुपारचं ठेवलं.