बिनक्लचच्या मशीननं माझा टॉवेल नेला

नव्वदच्या दशकात जवळा बाजारच्या पंचक्रोशीत कुणाचं वाहन चिखलात रुतलं, की ते माझ्या ट्रॅक्टरनं मीच काढायचो. आमच्याकडं रीत अशी, की काढणाऱ्याला जागेवरच टॉवेल-टोपी आणि नारळ. माझ्या घरी इतके टॉवेल साचले होते, की पांघरले असते तर अख्खं गाव झाकलं असतं.

मग माझा धाकटा चुलतभाऊ आला, औरंगाबादहून, पिवळं खोदायचं मशीन घेऊन. क्लच दाबायला याला मी शिकवलं. आणि याच्या मशीनला गिअर बदलायला क्लचच नाही! लोक मला सोडून त्याला बोलवायला लागले. माझ्या पोटात जे पेटलं, त्यावर लग्नाचा भात शिजला असता.

एकदा अवकाळीनं भिजलेल्या ओढ्यात आमच्या मामांची कापसाची ट्रॉली रुतली. मी हट्टानं आधी ट्रॅक्टर जुंपला. तिसऱ्या झटक्याला क्लचप्लेट जळाली. वास पार औंढ्यापर्यंत गेला असेल.

मग चुलतभावानं मशीन आणून साखळी लावली. इंजिन डरकाळ्या फोडतंय आणि मशीनचं चाक जागचं हलत नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ह्याची बी जळाली."

"जळायला प्लेट पाहिजे ना, दादा," तो वरून म्हणाला. "आत तेलात दोन पंखे हायेत समोरासमोर. इंजिन एक फिरवतं, तेलाच्या झोतानं दुसरा फिरतो. चाक अडलं की झोत जास्तच रेटा देतो. पण लई वेळ अडलं, तर सगळा जोर तेल तापवण्यात जातो."

एवढं कळल्यावर मी गप्प बसतोय होय? "सोडू नको, दाब. येऊन राहिली," मी मायेनं ओरडलो. मोठ्या भावाचा शब्द म्हणून त्यानं दाबून धरलं. तेलाचा काटा लालात गेला आणि मशीन मलूल झालं. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यानंतर एवढा आनंद मला झाला नव्हता.

तो चिडला नाही. मशीन न्यूट्रलला टाकून इंजिन चालू ठेवलं, म्हणाला तेल निवू द्या. तोवर गड्यांना ट्रॉलीच्या चाकापुढचा चिखल ओढायला लावला. काटा उतरल्यावर पहिला गिअर टाकला आणि हळूहळू पाय दाबत गेला. झटका नाही, हिसका नाही. चाक बोटभर सरकलं, मग वीतभर, आणि लग्नातून रुसून निघालेल्या व्याह्यासारखी ट्रॉली मुकाट्यानं वर आली.

मामांनी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. त्यानं तो काढला, माझ्याकडं आला आणि म्हणाला, "गाडी चालवायला मला दादानंच शिकवलं, मामा. मान याचा."

त्यापेक्षा त्यानं माझ्या मुस्काटात मारली असती तर सोसलं असतं. नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण हात आधीच पुढं गेला होता.