शेवटचा बोअर

गेल्या दसऱ्याला माझ्या थोरल्या भावाच्या मोटारसायकलचं इंजिन जाम झालं. गाडीला झेंडूचा हार होता, हँडलला आंब्याचा डहाळा होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती, पुढ्यात नारळ फुटला होता. टाकीत पेट्रोलही होतं. पेट्रोलमध्ये ऑइल तेवढं नव्हतं.

गाडी जुनी, टू-स्ट्रोक. हिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा घासून आतल्या आत चिकटतो. आमच्या चुलतभावाला हे ठाऊक नव्हतं. गावच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्यावर तो बिल्डर झाला, आणि त्याच्या गाड्यांच्या पोटात काय असतं ते सर्व्हिस सेंटरवाले बघतात. दादा आजारी, गाडी कित्येक महिने उभी, म्हणून रिकामी टाकी त्याने पंपावरून भरून आणली आणि पूजेनंतर ती गावदेवीपर्यंत फिरवून आणायचा मानही स्वतःच घेतला. देवळाच्या अलीकडे ती किंचाळली आणि मागचं चाक अडकलं. ढकलत परत आणली तेव्हा हार अजून ताजा होता.

दादाने याच गाडीवरून तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात नोकरीभर पाळ्या केल्या. निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणं बरीच झाली, फुफ्फुसांचा उल्लेख कुणी केला नाही. आता त्याच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरतं आणि नाकाला नळी लावून तो खिडकीतून पडवीतल्या गाडीकडे बघत बसतो.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. सिलिंडरवर चरे पडले होते. तो म्हणाला, एकतर बोअर करू, म्हणजे सिलिंडर आतून थोडा कापून गुळगुळीत करू आणि नवा पिस्टन घालू, नाहीतर भंगार बाजारातून अख्खं इंजिन आणू, नाहीतर जरा खटपट करून सेल्फ-स्टार्टवालं फोर-स्ट्रोक बसवू.

चुलतभावाला तिसरं पटलं. "मोठं बसवू, दादा. बटन दाबलं का चालू. किक मारायला नको. खर्च माजा."

"आन चालू करून जाऊ कुठं?" दादा म्हणाला. "नली लांब हाय, पन कर्नाल्याच्या किल्ल्यापर्यंत नाय पोचायची."

"भंगारात द्या," वहिनी म्हणाली. "डॉक्टर घरात उदबत्ती लावू देत नाय, आन यांना ते धुराडं पायजे."

त्यानंतर बरेच दिवस घरात इंजिनावर चर्चा चालली. मीही मोबाइलवर वाचून मतं दिली. इंजिनाचा प्रश्न लोंबकळत होता तोवर दादा पुन्हा गाडी चालवणार आहे असं धरून बोलता येत होतं. दुसरी कुठलीच गोष्ट बोलायची कुणाला घाई नव्हती. दादाची छाती आणि इंजिन यांची तुलना प्रत्येकाच्या मनात आली असणार. दादाच्या तोंडावर ती फक्त चुलतभावाने केली. लग्नांमध्ये सत्काराला उत्तर देतो त्या आवाजात म्हणाला, "इंजिन म्हंजे मानसाचं काळीजच, दादा."

"मंग माजाबी बोअर करून आन," दादा म्हणाला, आणि हसताना त्याला बराच वेळ खोकला आला.

शेवटी मेकॅनिकच विचारायला आला. "बोअर होईल, काका. पण हा शेवटचा. आधी दोनदा झालाय. आता भिंत पातळ झाली, पुढच्या वेळी कापायला काही उरणार नाही."

"पुढच्या वेळचं कोन बोलतंय," दादा म्हणाला. "दुसऱ्याचं इंजिन नको. हेच मोकलं कर."

इंजिन बसवून झालं त्या दिवशी गाडी धुरामुळे गल्लीच्या टोकाला नेली. दादाच्या खोलीची खिडकी वहिनीने घट्ट लावली. मी आत होतो. बाहेर किक बसली, इंजिन लागलं असावं, पण मशीनच्या घुरघुरीत काही कळेना. दादाने मशीनकडे बोट करून ते बंद करायची खूण केली.

"नाय," वहिनी म्हणाली.

त्याने फक्त तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, बटन बंद केलं आणि हात बटनावरच ठेवून उभी राहिली. तिची नजर चिमट्यावरच्या आकड्यावर होती.

मग ऐकू आलं. बंद खिडकीतून, दुरून, टू-स्ट्रोकचा तो पत्र्यावर खडे उडावेत तसा आवाज. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होता. ऐकण्यासाठी की श्वासासाठी, ते सांगता येत नव्हतं. आकडा उतरत गेला.

"आयडल जास्त हाय," तो म्हणाला. "कमी करायला सांग त्याला."

वहिनीने मशीन चालू केलं.

मी गल्लीच्या टोकाला गेलो आणि निरोप सांगितला. मेकॅनिकने स्क्रू फिरवला, आवाज खाली आला, निळा धूर आमच्या पायांत रेंगाळला.

"नवा पिस्टन आहे, सुरुवातीला हळू चालवावी लागेल," तो म्हणाला. "कोण चालवणार?"

मी वळून बंद खिडकीकडे बघितलं.

"दादा," मी म्हणालो.

मेकॅनिकने मान डोलावली आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की करतात तसा वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला.